काचेतली मुलूखगिरी

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे शिरपूरच्या अलीकडे लागणारे सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी आणि त्याहूनही अधिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशभर विख्यात आहे. मासे पाळण्यासाठी त्याचे नाव कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही, आणि घ्यावे असे कारणही नाही, कारण समुद्र शेकडो कोस दूर, तापी काही जवळ नाही आणि चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्याचीच जिथे चिंता, तिथे काचेच्या टाकीत पाणी भरून ठेवणारा मनुष्य शेजाऱ्यांच्या दृष्टीने उधळ्याच ठरावयाचा. तथापि गेल्या चार दशकांत या गावातील मोजक्या घरांना मत्स्यपालनाचा नाद लागला, आणि तोही निरुपद्रवी सोनेरी माशांवर न थांबता सिक्लिड नामक भांडकुदळ कुळातील निरनिराळ्या जाती एकाच टाकीत नांदविण्याच्या खटाटोपापर्यंत गेला. त्या खटाटोपाचा मीही एक भागीदार असल्यामुळे त्याचा मागोवा घेण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

या छंदाचे बीज आमच्याकडे मुंबईहून आले. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, आणि त्यानंतर मुंबईस गेलेला खानदेशी पाहुणा राणीच्या बागेबरोबर तेथेही डोकावून येऊ लागला. परंतु पाहणे निराळे आणि घरी बाळगणे निराळे. प्रत्यक्ष टाक्या आल्या त्या पुष्कळ नंतर, लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी भरून बसविलेल्या काचांच्या, ज्यांना वर्षा-दोन वर्षांत गंज चढे आणि कोपऱ्यातून पाणी झिरपू लागे. सिलिकॉनने चिकटविलेल्या निर्भेळ काचेच्या टाक्या मिळू लागल्यावर ही कटकट संपली. मासे क्रॉफर्ड मार्केटमधून अगर कुर्ल्याच्या बाजारातून प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, थर्माकोलच्या खोक्यातून, रात्रीच्या गाडीने येत. उन्हाळ्यात आणावयाचे झाल्यास खोक्यात बर्फाची पुडी ठेवण्याची दक्षता घ्यावी लागे.

त्या पहिल्या काळात आम्ही आणले ते गप्पी, गुरामी आणि एंजल. यांपैकी एंजल हा स्वतःच सिक्लिड आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते आणि विक्रेत्यानेही सांगितले नव्हते. सहा एंजल गुण्यागोविंदाने एकत्र फिरत, आणि एके दिवशी त्यांतील दोघे जोडी जमवून टाकीच्या एका बाजूची रुंद पाने ताब्यात घेत व उरलेल्या चौघांना विरुद्ध कोपऱ्यात, पंपाच्या बुडबुड्यांखाली, दाटीवाटीने उभे करीत. मासा पाळीव झाला तरी त्याच्या पिंडात काहीतरी वहिवाटीचे ज्ञान आहे, ही गोष्ट प्रथम तेव्हा ध्यानात आली.

सिक्लिड कुळात वर्णन झालेल्या जाती दीड हजारांहून अधिक आहेत. मध्य व दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि आपला दक्षिण भारत व श्रीलंका एवढ्या प्रदेशांत त्यांचा विस्तार. बहुसंख्य मासे अंडी पाण्यावर सोडून मोकळे होतात. हे कूळ मात्र अंड्यांची व पिलांची राखण करते. राखण करावयाची तर जागा हवी, आणि जागा म्हटली की हद्द आली, हद्द आली की तंटा आला. त्यांच्या भांडखोरपणाबद्दल दुकानदार ‘हा मासा स्वभावाने वाईट’ असा जो सरसकट शेरा मारतात तो मला कधीच पटला नाही. ज्या माशाला अपत्यांची चाड आहे तोच लढतो. बाकीच्यांना लढण्यासारखे काही नसते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे ऑस्कर आला, आणि टाकीचे घरातील स्थानच पालटले. दोन इंची, काळ्यावर तांबड्या ठिपक्यांचे पिलू म्हणून आणलेला हा मासा वर्षभरात फूटभर होतो, माणसाला ओळखतो, खाद्याचा डबा हलला की काचेपाशी येऊन उभा राहतो आणि बोटातून गांडूळ घेतो. आमच्या घरी भांड्यांच्या हिशेबासाठी येणारे एक वृद्ध तांबट त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहून म्हणाले होते, “भाऊ, हाऊ ते गावना पाटील शे.” त्यांची पारख अचूक होती, कारण ऑस्कर हा आकाराने दांडगा असला तरी वृत्तीने मुळात फारसा आक्रमक नाही, त्याच्या तोंडात मावेल ते तो गिळतो आणि जे मावत नाही त्याच्याशी बहुधा सलोख्याने वागतो. पुढे त्याच्या सोबतीस जॅक डेम्प्सी आला, ग्रीन टेरर आला आणि सर्वांच्या मागून, आकाराने सर्वांत लहान, पट्टेरी कन्व्हिक्टची जोडी आली.

खरी कहाणी येथून सुरू होते. कन्व्हिक्टचा नर चार-पाच इंचांचा, मादी त्याहून लहान, पण पोटावर नारिंगी-सोनेरी झाक असलेली आणि अधिक तापट. या जोडीने टाकीच्या तळाशी उपडे ठेवलेले एक खापर निवडले. प्रथम त्याच्या आतील बाजू तोंडाने घासून लख्ख केली. मग खालची वाळू तोंडात भरभरून दूर नेऊन ओतली. मग एका सकाळी खापराच्या छताला करड्या रंगाची बारीक अंडी चिकटलेली दिसली आणि मादी परांनी त्यांवर अखंड वारा घालीत होती. त्या क्षणापासून चार फुटी टाकीतील जवळजवळ दोन फूट जागा ऑस्करला बंद झाली. नर आधी आडवा उभा राही, सर्व पर ताणून आपला पट्टा पुरता दाखवी. तेवढ्याने भागले नाही तर समोरासमोर येऊन कल्ल्यांची झाकणे फुगवी, शेपटीने पाण्याचा तडाखा समोरच्याच्या अंगावर हाणी. आणि प्रतिपक्ष तुल्यबळ असेल, जसा डेम्प्सी होता, तर जबड्यात जबडा अडकवून दोघेही एकमेकांस मागेपुढे रेटीत. ऑस्करच्या बाबतीत इतके करण्याचा प्रसंगच येत नसे. तो धिप्पाड प्राणी पहिल्याच इशाऱ्याला फिक्कट पडे, अंगावर काळसर उभे पट्टे उमटत आणि तो हीटरच्या नळीमागे, पाण्याच्या पृष्ठालगत, पर अंगाशी मिटून, किंचित तिरपा होऊन राही. पाळणाऱ्याने सर्वांत आधी ओळखावयास शिकले पाहिजे ते हे चिन्ह. रक्त, फाटलेले पर, गेलेला डोळा हे सारे फार उशिराचे दाखले होत. माशाने वरच्या कोपऱ्यात मुक्काम केला आणि खाणे टाकले की तो बेदखल झाला असे समजून त्याच दिवशी बंदोबस्त करावा लागतो. मोकळ्या तळ्यात हरलेला मासा दूर निघून जातो आणि जिंकलेला त्याला विसरतो. टाकीत हरलेल्याला जावयास जागा नसते, आणि तो दृष्टीस पडत राहतो एवढ्याच कारणाने जिंकलेला त्याला पुन्हा पुन्हा मारीत राहतो.

या तंट्यांचा निकाल लावण्याचे आमचे मार्ग खानदेशातील बांधाच्या कज्जांतून सुचले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ज्याची वहिवाट जुनी त्याचा दावा बळकट, हा न्याय मासे तंतोतंत पाळतात: टाकीत आधी राहणारा लहान मासाही नव्याने आलेल्या मोठ्यावर धावून जातो. म्हणून सर्वांत गरीब मासा आधी सोडावा आणि सर्वांत खट अखेरीस. जुन्या टाकीत नवा रहिवासी आणणे भागच असेल तर सर्व दगड, खापरे, नळ्यांचे तुकडे उचलून नव्याने मांडावेत, म्हणजे जुन्या खुणा नाहीशा होऊन साऱ्यांचीच मोजणी पुन्हा होते, आणि त्या धामधुमीत नवागताच्या वाट्याला एखादा कोपरा येतो. दिवे मालवून रात्री सोडल्यास आणखी बरे. दगड असे रचावेत की एका टोकाला उभ्या माशाला दुसरे टोक दिसू नये. जे दिसत नाही त्यावर हक्क सांगण्याची बुद्धी माशाला होत नाही. एकसारख्या रंगरूपाच्या जाती एकत्र ठेवू नयेत, कारण सिक्लिड सर्वांत तीव्र द्वेष करतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्याचा. भाऊबंदकीचे मर्म ज्यांना परिचित आहे त्यांना याचे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नाही.

आम्ही हे सारे ठेचा खाऊन जमविले, आणि पुढे कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने आक्रमक वृत्तीवर १९६३ साली लिहिलेल्या ग्रंथाची ओळख झाली तेव्हा त्यातील पुष्कळसे विवेचन सिक्लिडांच्याच निरीक्षणावर उभे आहे हे पाहून कौतुक वाटले. या गृहस्थांना १९७३ साली प्राणिवर्तनाच्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे एक निरीक्षण आमच्या टाकीतही अक्षरशः प्रत्ययास आले. एकाच जोडीला शांतता लाभावी म्हणून इतर सर्व मासे काढून घेतले की नराच्या अंगातील लढण्याची ऊर्मी आपल्याच मादीवर उतरते आणि ती मरेपर्यंत मार खाते. उपाय असा की टाकीच्या मध्यावर काच उभी करून पलीकडे दुसरी जोडी ठेवावी. दोन्ही नर दिवसभर काचेवरून एकमेकांवर धावतात आणि दोन्ही संसार सुखाने चालतात. काचेवर शेवाळ दाटून पलीकडचा शत्रू दिसेनासा झाला म्हणजे घरातील भांडण पुन्हा सुरू होते. त्यामुळे त्या काळी आमच्याकडे मधली काच पुसणे हे पाणी बदलण्याइतकेच निकडीचे काम होते.

नव्वदच्या दशकात आफ्रिकेतील मलावी सरोवराचे मासे आले: पिवळेधमक, निळे, जांभळट, खडकांच्या फटींत राहणारे, ज्यांना म्बुना म्हणतात. सोनगीरच्या दृष्टीने हा योग अपूर्व ठरला, कारण आमच्या भागातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी काळ्या पाषाणातून पाझरत आलेले, जड. चहाच्या भांड्याला ज्याचा पांढरा थर बसतो ते. ॲमेझॉनच्या मृदू, आम्लधर्मी पाण्यातील डिस्कसला या पाण्यात सुख नाही. दुरून आणलेले, महागामोलाचे डिस्कस आमच्याकडे झुरून गेले. मलावीचे पाणी मात्र असेच जड आणि अल्कधर्मी असल्यामुळे हे मासे कोणतीही औषधे, कोणतेही क्षार न घालता आमच्या विहिरीच्या पाण्यात खुलले व वाढले. मुंबईचे शौकीन आपल्या मऊ नळपाण्यात प्रवाळाचा चुरा घालून जे साधू पाहत, ते आम्हांस पोहऱ्याबरोबर फुकट मिळत होते.

म्बुनांनी आमच्या जुन्या कायद्यांतील काही कलमे रद्द केली. अमेरिकी सिक्लिडांत गर्दी जितकी कमी तितकी शांतता अधिक, म्बुनांत उलट. चार फुटी टाकीत पाच-सहा ठेवले तर एक नर साऱ्या टाकीचा जहागीरदार होऊन उरलेल्यांना एकेक करून संपवितो. वीस-पंचवीस ठेवले तर कोणा एकाला हेरून मारणे त्याला साधत नाही, आणि मार सर्वांत वाटला जाऊन कोणालाच प्राणघातक होत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवण्याचे कारणही हेच. मादी अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे बाळगते आणि त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही. गालफडे फुगलेली अशी मादी दिसली की तिला वेगळ्या टाकीत हलविणे हा त्या दिवसांतील आनंदाचा भाग होता. अर्थात इतक्या गर्दीला गाळणी दुप्पट लागे, पाणी दर आठवड्याला बदलावे लागे, आणि हे पाणी अंगणातील लिंबाला घातल्यामुळे घरातील विरोध काहीसा निवळे.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून सोनगीरचीच एक खासियत नमूद करतो. आमच्या गावात पाणी साठविणे म्हणजे तांब्याच्या हंड्यात साठविणे. पाहुण्याला त्यातलेच पाणी देण्यात प्रतिष्ठा. माणसाला मानवणारे हे पाणी माशांना मात्र विष होऊ शकते. तांब्याचा सूक्ष्म अंशही कल्ल्यांवर घात करतो, आणि गोगलगायींसारखे जीव तर प्रथमच बळी पडतात. पाणी जड असेल तर हा घात सौम्य होतो, एवढेच आमचे भाग्य. तांब्याच्या याच मारक गुणामुळे माशांच्या अंगावरील परोपजीवींवर मोरचुदाची मात्रा देण्याची पद्धत आहे. पण मात्रेत गफलत झाली तर रोग आणि रोगी दोघेही एकदमच जातात. टाकीसाठी प्लास्टिकची बादली वेगळी राखावी आणि तिला घरातील कोणीही दुसरे काम सांगू नये, हा नियम आमच्याकडे कोणत्याही पुस्तकाआधी रूढ झाला.

सन २००५ नंतरची काही वर्षे या छंदाच्या इतिहासात काळ्या शाईने लिहिली पाहिजेत. भारनियमनाने ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास वीज जाई, आणि वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना भिडे. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पस्तीस अंशांना तो सातच्या आसपास येतो, आणि त्याच वेळी उष्णतेने माशांची प्राणवायूची गरज वाढते. पंप बंद, गाळणीतील उपयुक्त जंतू मरू लागलेले, आणि मासे पृष्ठावर येऊन धापा टाकीत असताना नराने हद्दीसाठी हल्ला चढविला म्हणजे पळून गेलेल्या माशाला श्वास परत मिळविण्याची सवडही नसे. बॅटरीवर चालणारे पंप आले, गोणपाटे भिजवून टाकीभोवती गुंडाळली, पेल्याने पाणी उंचावरून ओतीत रात्री काढल्या. तरी त्यांतल्या एका उन्हाळ्याने गावातील बहुतेक म्बुना नेले. ज्या टाक्यांत मासे कमी होते त्या तरल्या. गर्दीचा जो तोडगा शांततेसाठी उत्तम होता, तोच वीज जाताच घातक ठरला.

याच सुमारास फ्लॉवरहॉर्नचे वेड आले. मलेशिया व तैवानमध्ये मध्य अमेरिकी सिक्लिडांच्या निरनिराळ्या जातींचा संकर करून नव्वदच्या दशकात घडविलेला हा मासा, कपाळावरील टेंगूळ जितके मोठे तितका भाग्यकारक, अशा समजुतीसह विकला जाई आणि दुकानदारांच्या गल्ल्याशेजारी त्याची टाकी हटकून दिसे. मला या माशाविषयी कधी जिव्हाळा वाटला नाही. तो कोणाही सोबत्याला सहन करीत नाही, काचेतील आपल्या प्रतिबिंबाशी लढतो, आणि एकट्यानेच आयुष्य काढतो. ज्याला शेजारच नाही त्याच्या स्वभावाचे निरीक्षण करण्यासारखे उरत नाही. त्याचा भाऊ शोभावा असा तैवानचा पॅरट तर तोंड पुरते मिटू न शकणारा, माणसाने घडविलेला अपंग जीव आहे. जातींची सरमिसळ टाकीत करणे आणि रक्तात करणे यांत मी फार मोठा भेद मानतो.

वाढलेल्या माशांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात यथाकाल उपस्थित झाला. फूटभर ऑस्कर दुकानदार परत घेत नाही. घेतला तरी किंमत देत नाही. कित्येकांनी भूतदयेच्या भावनेने आपले मासे विहिरीत अगर धरणात सोडले. याचा परिणाम काय होतो हे समजावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. मोझांबिक तिलापिया हा सिक्लिडच. तो १९५२ साली बँकॉकहून अन्नासाठी आपल्या देशात आणला गेला, आणि त्याची अनिर्बंध पैदास पाहून १९५९ साली त्याच्या प्रसारास मनाईही झाली, परंतु तोवर त्याने देशभर ठाणी वसविली होती. भीमेवरील उजनी जलाशयात आज ज्याला कोळी चिलापी म्हणतात आणि भिगवणच्या खाणावळींत ज्याचे कालवण जेवायला पुण्याचे लोक गाड्या काढून जातात, तो याच घराण्यातला. नर तळावर वर्तुळाकार खड्डे खणून हद्दी आखतो, मादी पिले तोंडात वाढवते, आणि देशी माशांच्या पिलांना अन्न व जागा दोन्ही अपुरी पडतात. चार फुटी टाकीत जे खापराभोवती घडते ते जलाशयात कोसभर अंतरावर घडते. फरक एवढाच की तेथे दगड उचलून पुन्हा मांडणी करणारा कोणी नसतो.

अलीकडच्या वर्षांत मी परदेशी माशांकडून आपल्याकडील सिक्लिडांकडे वळलो आहे. भारतात मूळच्या अशा त्यांच्या तीनच जाती आहेत. पैकी गोव्यात कालुंदर व केरळात करीमीन म्हणून आवडीने खाल्ला जाणारा मोठा, मचूळ पाण्यातील मासा, आणि त्याच्याच खाड्या-खाजणांत राहणारा लहानसा नारिंगी क्रोमाइड, या दोहोंचे सहजीवन मला या साऱ्या वर्षांच्या प्रयोगांहून विलक्षण वाटते. वायमन आणि वॉर्ड या संशोधकांनी १९७२ साली प्रसिद्ध केल्याप्रमाणे लहान क्रोमाइड मोठ्याच्या अंगावरील व परांवरील बुरशी व परोपजीवी टिपून त्याला स्वच्छ करतो आणि मोठा त्यासाठी पर पसरून स्थिर उभा राहतो. हाच लहान मासा संधी मिळताच त्या मोठ्याची अंडी व नुकतीच उबलेली पिले खातो. आणि तो मोठा, जो एरवी त्याला अंगाला तोंड लावू देतो, विणीच्या काळात त्याला हुसकून लावतो. हंगाम सरला की पुन्हा पर पसरतो. माझ्या पाच फुटी टाकीत चिमूटभर जाडे मीठ घातलेल्या पाण्यात हे दोन्ही मासे सध्या आहेत, मोठे तीन व लहान आठ. लहानांतील एक जोडी डाव्या बाजूच्या दगडाखाली अंडी राखते आहे, आणि मोठ्यांनी तिकडचा रस्ता तूर्त सोडलेला आहे.